येतो आणि आवजो: बडोद्याच्या मराठी घरात भेटावं कसं, निरोप घ्यावा कसा

मराठीत निरोप ‘घेतात’ आणि ‘देतात’. जाणारा घेतो, राहणारा देतो. एकट्यानेच उठून चपला घातल्या तर ते नुसतं निघून जाणं झालं. शिवाय ‘निरोप’ म्हणजे सांगावासुद्धा. जाताना मागे काहीतरी ठेवून जायचं असतं, निदान एक शब्द तरी. हे दोन अर्थ ध्यानात ठेवले की पुढच्या बहुतेक रीती आपोआप उलगडतात.

बडोद्यात हे सगळं दोन भाषांत चालतं. दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरातून निघणारा ‘येतो’ म्हणतो. खालच्या मजल्यावरच्या गुजराती मासी ‘आवजो’ म्हणतात. जाण्याच्या वेळी दोन्ही भाषा येण्याचं क्रियापद वापरतात. थोडा फरक आहे, तोही छान आहे. मराठीत जाणारा परत येण्याचं वचन देतो आणि यजमान ‘या’ म्हणून ते स्वीकारतो. गुजरातीत दोघंही ‘आवजो’च म्हणतात, म्हणजे निघालेला पाहुणाही यजमानाला आपल्या घरी बोलावून जातो.

ज्यांची मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, ज्यांच्या घरी गुजराती सून आली आहे किंवा ज्यांची मुलगी गुजराती घरी गेली आहे, त्यांना हे तपशील विशेष उपयोगी पडतील.

दार उघडल्यावरची पहिली दोन मिनिटं

बेल वाजली की जो उघडेल त्याने आधी ‘या’ म्हणायचं. ‘कोण हवंय?’ नंतर, ‘आई आंघोळीला गेलीय’ तर त्याच्याही नंतर. लहान मुलं इथेच चुकतात: दार उघडून आत वळतात आणि ‘आई, कोणीतरी आलंय’ असं ओरडतात. पाहुण्याच्या कानावर स्वतःसाठी ‘कोणीतरी’ पडतं. मुलांना एकच वाक्य पाठ करून द्या: ‘या, बसा, आईला बोलावतो.’

मग घरातल्या बसलेल्यांनी उठायचं. पूर्ण उभं राहणं जमत नसेल त्या आजोबांनी नुसतं पुढे झुकून ‘ये रे’ म्हटलं तरी पुरतं. टीव्हीचा आवाज बंद करायचा. कमी केलेल्या आवाजाकडे पाहुण्याचं निम्मं लक्ष जात राहतं. बसायची जागा हाताने दाखवायची. पहिल्यांदा आलेल्या माणसाला कुठे बसावं हे कळत नाही आणि तो दारालगतच्या खुर्चीवर टेकतो.

पाणी न विचारता आणायचं. बडोद्याच्या मे महिन्यात त्यासोबत गुळाचा खडा दिला तर फारच चांगलं, जुनी रीत तीच आहे. चहाचं मात्र विचारण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतं. ‘चहा घेणार का?’ याला मराठी माणूस हटकून ‘नको नको, आत्ताच झाला’ म्हणतो, आणि विचारणाऱ्याने ते खरं मानलं की दोघंही ओशाळतात. ‘चहा टाकते, साखर किती?’ असं विचारलं की नकाराला जागा राहते आणि संकोचाला राहत नाही. ज्याला खरंच नको असेल तो कारण सांगतो.

समोरच्याने ज्या शब्दाने अभिवादन केलं त्याच शब्दाने उत्तर द्यावं. रामरामला रामराम, वारकऱ्याच्या ‘राम कृष्ण हरी’ला तेच, ‘जय भीम’ला ‘जय भीम’. या शेवटच्या अभिवादनाचं बडोद्यात वेगळं वजन आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकलेले बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानाच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हा जातीपायी या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि कमाटी बागेतल्या झाडाखाली बसायची वेळ आली. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. ‘या, बसा’ न म्हटल्याने काय होतं, हे या शहराने तेव्हा दाखवलं आहे.

वाकून नमस्कार

क्रम असा: चपला काढा, हातातलं सामान खाली ठेवा, पदर किंवा ओढणी सावरा, मग वाका. कंबरेतून वाकलं की पाठ धरते. गुडघे वाकवून खाली जा. उजवा हात त्यांच्या उजव्या पायाला आणि डावा डाव्या पायाला लागावा ही जुनी पद्धत, त्यामुळे हात आपोआप एकमेकांवरून जातात. पायाला बोटं टेकली पाहिजेत. चालता चालता गुडघ्याच्या उंचीवर हात फिरवून छातीला लावणं हल्ली लग्नाच्या हॉलमध्ये सर्रास दिसतं. त्यापेक्षा समोर थांबून, डोळ्यांत बघून हात जोडलेले बरे.

आधी देवाला, मग घरातल्या सर्वांत वडील माणसाला. नवविवाहितांनी जोडीने करावा. झोपलेल्या किंवा आडव्या पडलेल्या माणसाला नमस्कार करत नाहीत. आजी बिछान्यावर असतील तर त्यांना उठून बसता येतं का ते पाहावं, नाहीतर हात हातात घेऊन बोलावं. जेवत्या माणसालाही करत नाहीत. सुतकात तर कोणालाच नाही.

आशीर्वाद देणाऱ्याचंही काम असतं. ‘असू दे, असू दे’ म्हणत पाय मागे घेतले की वाकलेल्याचा नमस्कार अधांतरी राहतो. डोक्यावर किंवा पाठीवर हात ठेवा आणि पूर्ण वाक्य म्हणा: ‘सुखी राहा’, ‘औक्षवंत हो’, ‘परीक्षा चांगली जाऊ दे’. माणसागणिक वेगळा आशीर्वाद मुलांना वर्षानुवर्षं आठवतो.

मुलांवर सक्ती कधी करावी? आमच्या मते कधीच नाही, पण तयारी मात्र जिन्यातच करून घ्यावी. ‘वर काकाआजोबा आहेत. वाकून नमस्कार कर किंवा हात जोड, दोन्हींपैकी एक.’ पर्याय दिला की मूल एक निवडतं. सगळ्यांच्या देखत ‘पाया पड! पड म्हटलं ना!’ असं दटावलं तर मूल लाजून आईच्या मागे लपतं आणि आजोबांनाही अवघडल्यासारखं होतं. पापे घेणं आणि मिठी मारणं मात्र पूर्णपणे मुलाच्या मर्जीवर सोडा.

संबोधनाचं एवढंच: आईला ‘तू’, आजीला बहुतेक घरांत ‘तू’, सासूबाईंना ‘तुम्ही’, वडिलांचं घराघरावर. घरात आलेल्या गुजराती सुनेने सासूला ‘मम्मी, तमे’ म्हटलं तर त्यात मान पूर्ण आहे. ‘अहो आई’ची घाई करू नये. उलट मराठी शिकणारी ती सून कोणालाही ‘तू’ म्हणून बसली, तर सगळ्यांसमोर हसू नका. गुजरातीत वळणं वेगळी पडतात. नंतर एकांतात एकदा सांगितलं की पुरतं.

गुजराती शेजारी

‘केम छो?’चं उत्तर ‘मजामां’. हे तब्येतीचं खरं बयान नसतं. खरं सांगायचं असेल तर आधी ‘मजामां’ म्हणून मग सांगावं. ‘जय श्रीकृष्ण’ भेटतानाही चालतं, निघतानाही. वडीलधाऱ्या बाईंच्या नावापुढे बेन, पुरुषांच्या नावापुढे भाई. नुसतं नाव घेणं उद्धट वाटतं.

दिवाळीतल्या पाडव्याला गुजराती घरांत बेसतं वर्ष, म्हणजे नवं वर्ष. आपल्याकडे त्याच दिवशी पत्नी नवऱ्याला ओवाळते, त्यामुळे सकाळी घाई असते आणि शेजारी ‘साल मुबारक’ करायला दारात उभे राहतात. त्यांना ‘आमचं नवं वर्ष गुढीपाडव्याला’ असं समजावत बसू नये. ‘साल मुबारक’ म्हणावं, फराळाचं ताट पुढे करावं आणि त्याच दिवशी आपणही त्यांच्याकडे जाऊन यावं. वर्षातून एकदा होणाऱ्या या भेटीची फेड दुसऱ्या दिवशी केली तर ती थंड पडते.

निघणं: इथे वेळ द्या

भेट कशी झाली हे माणसाला शेवटच्या दहा मिनिटांवरून आठवतं. म्हणून निरोपाचा नीट नमुना पाहायचा असेल तर गणपतीचा पाहावा. उत्तरपूजा होते, अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवतात; ही निघण्याची सूचना. हातावर दही ठेवतात, दहीपोह्यांची किंवा दहीभाताची शिदोरी बांधतात. पूजेतला शब्द आहे ‘पुनरागमनाय च’, आणि रस्त्यावर त्याचंच ‘पुढच्या वर्षी लवकर या’ होतं. पाण्यापर्यंत सोबत जातात. परतताना पाटावर थोडी वाळू आणून ठेवतात, की पाट रिकामा राहू नये. सूचना, शिदोरी, येण्याचा शब्द, थोडी सोबत, मागे राहिलेली खूण. माणसाच्या निरोपातही हेच पाच भाग येतात.

सूचना पाहुण्याने द्यायची, प्रत्यक्ष उठण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी: ‘आता निघायला हवं.’ हे म्हणून लगेच उठायचं नाही. या वेळात राहिलेलं महत्त्वाचं बोलणं होतं. ज्यासाठी माणूस आलेला असतो ते कित्येकदा तेव्हाच बाहेर पडतं. यजमानाने एकदा ‘बसा की थोडं’ म्हणावं, दुसऱ्यांदा ‘जेवूनच जा’ म्हणावं. तिसरा आग्रह नको. तिसऱ्या आग्रहाला थांबलेला पाहुणा घड्याळ बघत बसतो. आणि एकही आग्रह न करता ‘बरं’ म्हणून उभं राहिलं, तर आपण कधी एकदा जातोय याची हे वाट बघत होते असं त्याला वाटतं.

सवाष्ण निघताना हळदीकुंकू. करंगळीजवळच्या बोटाने आधी हळद, मग कुंकू. पाहुणीनेही यजमानिणीला लावायचं. आलेल्यांत एखादी विधवा असेल तर तिला वगळून पुढे जाऊ नका. करंडा तिच्यासमोरही तसाच धरा, लावून घ्यायचं की नाही ते ती ठरवेल. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या दिवाणखान्यात तेवढं करायला ठरावाचीही गरज नाही.

माहेरवाशीण सासरी निघाली तर ओटी. नारळ, खण किंवा ब्लाउजपीस, हळकुंड, सुपारी, एखादं फळ आणि ओंजळीने तांदूळ. नारळाची शेंडी तिच्याकडे करायची. तिने पदर दोन्ही हातांनी पसरून धरायचा. ड्रेस असेल तर ओढणी, तीही नसेल तर स्वच्छ रुमाल. कित्येक घरांत ती ओटीतले थोडे दाणे परत घरात ठेवते: गणपतीच्या पाटावरची वाळू आणि हे दाणे एकाच जातीचे. घाईत पिशवीत घालून ‘घे गं, ओटी समज’ असं करण्यापेक्षा ओटी राहिली तरी चालेल. नुसतं कुंकू लावा, पण समोर उभं राहून.

परीक्षेला, मुलाखतीला, लांबच्या गावाला निघालेल्याच्या उजव्या तळहातावर चमचाभर दही, वर चिमूटभर साखर. गुजराती घरांत शुभ कामाला गोळधाणा देतात, गूळ आणि धणे. दह्याच्या दिवशी ‘कुठे चाललास?’ विचारायचं नाही. ‘किती वाजेपर्यंत येशील?’ असं विचारावं, प्रश्न तोच आहे आणि त्यात येणं आहे.

मग उंबऱ्यावरचा शब्द. ‘येतो’, ‘येते’, ‘येऊ का?’, ‘निघतो आता’. ‘जातो’ म्हणत नाहीत, कारण ‘गेला’ हा शब्द मराठीत माणूस वारल्यावर येतो. त्याच कारणाने दिवा मालवतात, दुकान आणि बांगड्या ‘वाढवतात’. गुजरातीतही दिवा ‘राणो’ करतात. नव्या पिढीच्या तोंडात ‘चला, जातो मी’ आलं तर कपाळाला आठ्या न घालता यजमानाने ‘येतो म्हण रे’ एवढंच म्हणावं. मुलं ते चटकन उचलतात. उत्तर मात्र हवंच: ‘या’, ‘ये हं, सांभाळून’.

सगळ्यात जास्त चुकतं ते यानंतर. पाहुण्याची पाठ वळते न वळते तोच कडी लागते आणि बाहेरचा दिवा जातो. जिन्यात उतरणाऱ्याला कडीचा तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. बंगला असेल तर फाटकापर्यंत, फ्लॅट असेल तर लिफ्टचं दार मिटेपर्यंत, स्कूटर असेल तर ती कोपऱ्यावर वळेपर्यंत उभं राहा. याला एक-दोन मिनिटं लागतात. पाहुण्यानेही वळण्याआधी एकदा मागे पाहून हात करावा. दारातल्या गप्पा पाच मिनिटांच्या वर लांबल्या, तर म्हातारी माणसं पायांनी दमतात. सरळ पुन्हा आत या आणि बसून बोला.

जिथे ‘येतो’ म्हणायचं नाही

दुखवट्याच्या घरी वरचे सगळे नियम उलटे होतात. ‘या’ म्हणत नाहीत, नमस्कार करत नाहीत, चहापाण्याची अपेक्षा धरायची नाही, निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही आणि घरच्यांनी दारापर्यंत पोचवायला यायचं नाही. ‘येतो’त पुन्हा येण्याचं वचन आहे, आणि अशा कारणाने पुन्हा यावं लागू नये एवढीच इच्छा असते.

पंधरा-वीस मिनिटं बसावं. ‘कसं झालं?’ हा प्रश्न शक्यतो विचारू नये; त्या घराने तो दिवसभरात अनेकदा ऐकलेला असतो. गेलेल्या माणसाची आपल्याला माहीत असलेली एक खरी गोष्ट सांगावी, दोन वाक्यांत. ती नसेल तर गप्प बसावं. शांततेला घाबरून महागाईवर आणि रस्त्यांवर बोलणं सुरू होतं, ते टाळा. मदत करायची तर ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, कोणी सांगत नाही. ‘उद्या सकाळचा डबा मी आणतो’ असं नेमकं बोला. निघताना उठा, क्षणभर थांबा, खांद्यावर हात ठेवा आणि मुकाट्याने बाहेर पडा. दाराशी रेंगाळू नका.

गुजराती घरात याची जागा बेसणं घेतं. दिवस, जागा आणि वेळ कळवलेली असते, बहुधा दोनेक तासांची. पांढरे किंवा अगदी फिके कपडे. आत गेल्यावर फोटोला हात जोडायचे, फुलं ठेवली असतील तर वाहायची, मग बसायचं. भजन चालू असेल तर बोलायचं नाही. निघताना रांगेत बसलेल्या घरच्यांना हात जोडून सरळ बाहेर. मराठी माणसं इथे सवयीने दोन दिवस आधीच घरी जाऊन येतात. जवळचा संबंध असेल तर तेही बरोबरच, पण मग बेसण्यालाही जावं.

दवाखान्यातही ‘परत या’ कोणी म्हणत नाही. रुग्णाला ‘घरी भेटू’ म्हणून निघा.

अबोला मोडताना

भांडणाच्या भरात न बोलता निघून गेलं की नातं तिथेच अडकून राहतं, कारण निरोप झालेला नसतो. रागात असतानाही म्हणता येतं असं वाक्य तयार ठेवा: ‘आत्ता मी निघतो. शनिवारी संध्याकाळी बोलू.’ दिवस सांगणं महत्त्वाचं. ‘बघू’ने काहीच होत नाही.

अबोला जुना असेल तर आपल्या पंचांगात दोन दिवस राखून ठेवलेले आहेत. दसऱ्याला आपट्याचं सोनं आणि संक्रांतीला तिळगूळ. त्या दिवशी कोणीही कोणाच्याही दारी जाऊ शकतं, कारण विचारलं जात नाही. तासभर नको, दहा मिनिटं जा. लहान असाल तर आधी तुम्ही वाका. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ एवढंच म्हणा आणि जुना विषय काढू नका, माफीसुद्धा त्या दिवशी नको. पहिल्या भेटीत हिशेब मांडला की दुसरी भेट होत नाही. निघताना ‘येतो’ मात्र मुद्दाम, ऐकू जाईल असं म्हणा. त्यावर ‘या’ आलं तर काम झालं. नाही आलं तरी दसऱ्याला पुन्हा जा.

फोन आणि लांबचा प्रवास

फोनवर आधी नाव, मग ‘बोलायला वेळ आहे का?’, मग विषय. काम असलं तरी आधी तब्येतीचं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. ‘बरं, अजून काय?’ दोनदा आलं की समोरच्याला संपवायचं आहे. ‘ठेवू का?’ विचारावं, आणि वडील माणसाने फोन ठेवेपर्यंत आपण ठेवू नये.

लेखी मजकुरात जुने मायने आजही चालतात, फक्त जागा चुकू नये: ‘तीर्थरूप’ स्वतःच्या आईवडिलांना, ‘तीर्थस्वरूप’ त्यांच्या मानाच्या इतर वडीलधाऱ्यांना, ‘चि.’ धाकट्यांना. शेवटी ‘लोभ असावा’. रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा ‘काका, गुडघा कसा आहे?’ एवढी ओळ जास्त पोचते.

परदेशी निघालेल्या मुलाचा निरोप विमानतळावर ठेवू नका. अहमदाबादचा विमानतळ इथून शंभरेक किलोमीटरवर. गाडीत सामान, पासपोर्ट आणि वाहतूक यांतच सगळ्यांचं मन अडकतं, आणि दाराशी ‘चला, चला, उशीर होतोय’ एवढंच बोलणं होतं. निघण्याच्या आदल्या रात्रीचं जेवण एकत्र, फोन बाजूला ठेवून. सकाळी देवाला, मग आजीआजोबांना नमस्कार, हातावर दही, आणि घरच्या उंबऱ्यावरच ‘येतो’. जे आजीआजोबा गाडीत बसणार नाहीत, त्यांच्यासाठी दहा मिनिटं वेगळी काढा.

पुढच्या फोनची वेळ जाण्याआधीच ठरवा. न्यू जर्सीत मुलगा असेल तर बडोद्यात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा त्याच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ, हिवाळ्यात साडेसात. हा एक तास बदलतो तेव्हा आईवडील जुन्या वेळी फोन हातात धरून बसतात. बदल मुलाने आधी कळवावा. आणि पोचल्याचा फोन त्याच दिवशी. लागला नाही तर ‘पोचलो’ एवढा एक शब्द टाइप करून पाठवावा, बडोद्यातलं घर तोवर झोपत नाही.